सुहासिनीच्या डब्याचं वजन

सोमवार, २० जानेवारी

निवृत्त होऊन आज तीन महिने वीस दिवस झाले. ही डायरी निरोप समारंभात शाल-नारळाबरोबर मिळाली होती. आजवर कोरीच राहिली, कारण लिहिण्याजोगं काही घडत नव्हतं. आज घडलं.

शनिवारी डॉक्टरांनी सुहासिनीचा रिपोर्ट बघून चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा बातमी बरी नसते. तीन महिन्यांची सरासरी साखर सात पूर्णांक नऊ. "एप्रिलमध्ये पुन्हा बघू. उतरली नाही तर इन्सुलिन," म्हणाले. सुहासिनीने स्वतःच्या आईला बारा वर्षं सुया टोचल्या आहेत. रिक्षात घर येईपर्यंत माझा हात तिने सोडला नाही.

तेव्हाच ठरवलं. तिच्या नोकरीची दोन वर्षं बाकी आहेत, मी घरी रिकामा आहे. इथून पुढे तिचा डबा मी करणार. साखर नाही, बटाटा नाही, भात नाही, तेल मोजून दोन चमचे. चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. अर्ध्या बोरिवलीच्या वाण्यांचे काटे मी सरळ केलेत, एका बाईची साखर सरळ करणं काय अवघड आहे?

"तुला कुकर लावता येतो का?" सुहासिनीने विचारलं. मी कुकरची शिट्टी शोधायला लागलो.

मंगळवार, २१ जानेवारी

पहिला डबा गेला. कारल्याची भाजी, नाचणीची भाकरी, मुगाचं वरण, काकडी. रिकामा डबा सहाशे चाळीस ग्रॅम, भरलेला एक किलो दोनशे दहा. चव घेतली नाही. एक तर रक्तदाबामुळे माझं जेवण वेगळं, बिनमिठाचं असतं. दुसरं म्हणजे जे दुसऱ्यासाठी केलं ते आधी आपण उष्टं करायचं, हे मला पटत नाही. माप बरोबर असलं की चव बरोबर येणारच.

डबेवाला माणिक साडेनऊला आला. राजगुरुनगरकडचा माणूस, पन्नाशीचा, अंगाने भरलेला. आमच्या गल्लीतले डबे सकाळी तोच उचलतो आणि दुपारी अंधेरीला सुहासिनीच्या ऑफिसच्या रस्त्यावर तोच वाटतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर आला की दाराशी मिनिटभर धापा टाकत उभा राहतो. मी त्याला पाणी दिलं आणि डबा सरळ धरायला सांगितला. "साहेब, अठ्ठावीस वर्सं धरतोय," तो म्हणाला.

दुपारी डबा परत आला. वजन सातशे पंच्याण्णव. म्हणजे एकशे पंचावन्न ग्रॅम अन्न परत! संध्याकाळी सुहासिनीला विचारलं. म्हणाली, भूक नव्हती.

शुक्रवार, २४ जानेवारी

बुधवारी दोनशे ग्रॅम परत, काल दोनशे साठ. काल मी तो डबा काट्यावर ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो. सुहासिनी आली तेव्हाही तिथेच होतो. तिने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पर्स टेबलावर ठेवून चहा टाकायला गेली.

आज मात्र चमत्कार. सहाशे एक्केचाळीस! एक ग्रॅम परत, तोही पाण्याचा असणार, कारण डबा स्वच्छ विसळून आला होता. इतक्या वर्षांत तिने ऑफिसात डबा कधी विसळलेला नाही. हिला अन्नाचा आदर वाटू लागला आहे.

बुधवार, २९ जानेवारी

रोज डबा रिकामा. काटा खोटं बोलत नाही.

आज माणिक दारात घुटमळला. "साहेब, येक सांगू का? कारलं आदी मीठ लावून पिळून घेत जावा. लई कडू जातंय."

मी चकितच झालो. "तुला कसं कळलं?"

तो डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वास येतो ना साहेब. झाकणातनं."

अठ्ठावीस वर्षांचा अनुभव याला म्हणतात. बंद झाकणातून कडूपणा ओळखतो! आमच्या खात्यात असा एक माणूस असता तर दुधात पाणी घालणाऱ्या निम्म्या लोकांची वाट लागली असती. मी त्याला सांगितलं, रोज वास घे आणि रोज कळव.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

माणिकच्या नाकाची नोंद ठेवतो आहे. सोमवार: वरणात हिंग कमी. मंगळवार: भाकरी जाड, "घशात बसते". बुधवार: मेथी छान, "कालच्यापेक्षा लई भारी". आज म्हणाला, "थोडा भात द्या की साहेब, नुसत्या भाकरीनं दुपारच्याला पोट भरत न्हाई." मी बघत राहिलो तसं घाईघाईने म्हणाला, "वहिनींचं."

भात मिळणार नाही, असं बजावलं. पण आपल्या गिऱ्हाइकाच्या पोटाची इतकी काळजी करणारा माणूस आज मुंबईत मिळायचा नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज सुरण केला होता. संध्याकाळी सुहासिनीला विचारलं, "भाजी कशी होती?"

"छान. बटाटा मऊ शिजला होता."

सुरण इतका मऊ की बटाटा वाटावा! हे तिला सांगितलं तर ती एकदम खोकायलाच लागली. पाणी दिलं. रात्रीच्या जेवणालाही तिला हल्ली फारशी भूक नसते. अर्धी पोळी खाते आणि "दुपारचं अजून पोटात आहे" म्हणते. हा नाचणीचा गुण.

स्वभावातही फरक पडलाय. स्वयंपाकघरात गुणगुणत असते. ऑफिसात शर्मिष्ठा म्हणून कुणी नवी आली आहे, तिचे किस्से सांगत असते. योग्य आहाराने माणूस आनंदी होतो हे मी कुठेसं वाचलं होतंच.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सुहासिनीच्या साडीच्या निऱ्यांवर नारळाच्या चटणीचा डाग. मी डब्यात नारळ घालत नाही. विचारल्यावर म्हणाली, शर्मिष्ठाच्या डब्यातली सांडली. या शर्मिष्ठाला डबा नीट धरता येत नाही असं दिसतं.

माणिक आज चार मजले चढून आला आणि धाप नाही! मी विचारलं तर शर्ट वर करून पट्टा दाखवला. "दोन भोकं आत गेलो साहेब. मलाबी साखर हाय थोडी, गावच्या डॉक्टरनं मागंच सांगितलंय. आता बरं वाटतंय." डबे वाहून व्यायाम होतोच, मी म्हणालो. "व्हय, व्हय, त्येच," तो म्हणाला आणि डबा घेऊन पोरासारखा उड्या मारत खाली गेला.

शनिवार, ८ मार्च

वाईट दिवस. सुहासिनीची उपाशीपोटीची साखर तपासून आणली. जानेवारीत एकशे बावन्न होती, आज एकशे सत्तर.

हे अशक्य आहे. सात आठवडे एक कण साखर नाही, पस्तीस डबे मी स्वतः मोजून भरले, पहिले तीन सोडले तर सगळे रिकामे आले. चूक एकाच ठिकाणी असू शकते. मी तडक प्रयोगशाळेत गेलो आणि मशीन शेवटचं कधी तपासलं त्याचं प्रमाणपत्र मागितलं. तिथली जान्हवी नावाची मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, मशीन बरोबर आहे. घरी काय चाललंय ते बघा."

घरी काय चाललंय! घरी मी चाललोय, सकाळी सहा वाजल्यापासून.

सुहासिनी मात्र रिपोर्ट हातात घेऊन खूप वेळ बसली. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी कारलं आठवड्यातून चारदा करतो. ती "नंदू," म्हणाली, पुढे काहीतरी बोलणार होती, पण रिपोर्टची घडी घालून उठली. मला भीती वाटते आहे. इथे लिहितो, तिला सांगणार नाही.

सोमवार, २४ मार्च

कारलं आठवड्यातून चारदा. माणिक म्हणाला, "साहेब, चार वार जरा जास्तच व्हत्यात. वाटणीला बी कुणी तयार न्हाई." कसली वाटणी, विचारलं. म्हणाला, "डब्यांची. वाटपाची." काही वेळा त्याचं बोलणं मला कळत नाही.

सोमवार, ७ एप्रिल

माणिक सुट्टीवर जाणार. तोच नव्हे, सगळेच डबेवाले. गावाकडच्या जत्रा लागल्या की दरवर्षी एप्रिलमध्ये हे सगळे एकदम गावी जातात आणि आठवडाभर मुंबईच्या ऑफिसांना आपापलं पोट आपणच बघावं लागतं. उद्यापासून शनिवारपर्यंत डबा नाही. सोमवारची सुट्टी धरून मंगळवारी हजर.

मी म्हटलं, काही हरकत नाही, मी स्वतः अंधेरीला जाऊन देईन. यावर माणिकचा चेहरा पडला. "नगा साहेब. ऊन हाय. वहिनींना पाच दिस कॅन्टीनमधी खाऊ द्या की."

"कॅन्टीनमध्ये? साखरेच्या पेशंटला?"

तो जिना उतरता उतरता दोनदा थांबून वर बघत होता. साधा माणूस, जत्रेला जाताना पण त्याचा जीव डब्यात अडकलेला.

सुहासिनीनेही हट्ट धरला. "तू कशाला येतोस? मीच नेईन सकाळी."

मंगळवार, ८ एप्रिल

तिने स्वतः डबा नेला. संध्याकाळी वजन केलं, सहाशे चाळीस. पण चेहरा कसनुसा झाला होता आणि आल्याआल्या दोन तांबे पाणी प्यायली. मी विचारलं, "कसा होता?" ती म्हणाली, "नंदू, रोज असाच असतो?" काय प्रश्न आहे हा? तिलाच माहीत असायला हवं.

बुधवार, ९ एप्रिल

डबा आज टेबलावरच राहिला. ती विसरली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत तिने कधी रुमालही विसरलेला नाही.

मी डबा पिशवीत घातला आणि मागाठाण्याहून मेट्रोने गेलो. साडेबाराला ऑफिसात पोचलो. शिपायाने सांगितलं, "मॅडम कॅन्टीनमध्ये असतील." असतील! रोजचं असल्यासारखं.

दुसऱ्या मजल्यावर कॅन्टीन. खिडकीजवळच्या टेबलावर सुहासिनी, समोर एक तरुण मुलगी. सुहासिनीपुढे मसाला डोसा होता, शेजारी मेदूवड्याची बशी, आणि एका वाटीत गुलाबजाम. ती हसत होती. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून. मी तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "अय्या, मॅम, हेच का कारलेवाले सर? पण आज माणिकदादा तर नाहीत ना. मग हा डबा कोण खाणार?"

शर्मिष्ठाच ती. सुहासिनीचा हात डोशावर तसाच राहिला.

मी चौतीस वर्षं लोकांच्या दुकानात घुसून त्यांना मापात मारताना पकडलंय. काय बोलायचं ते मला पाठ आहे. पण मी खुर्ची ओढली, डबा उघडला आणि दुसरं काही सुचेना म्हणून जेवायला लागलो.

तीन घास. तिसरा गिळायला मला शर्मिष्ठाच्या ग्लासातलं पाणी घ्यावं लागलं. भाकरी कौलासारखी. वरण म्हणजे पिवळं पाणी. आणि कारलं! हे मी रोज भरून पाठवत होतो? माणिक हे रोज खात होता?

मी डबा बंद केला आणि निघून आलो.

गुरुवार, १० एप्रिल

बोलणं नाही. डबा केला नाही. सकाळी सहाला जाग आली आणि काय करायचं ते कळेना. गॅलरीत बसलो.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज सुहासिनी लवकर घरी आली आणि गॅलरीत माझ्या शेजारी बसली.

मी म्हटलं, "तू मला फसवलंस." ती हो म्हणाली. मी म्हटलं, "काट्यावर डबा ठेवून मी रोज आनंदाने वेडा व्हायचो." ती म्हणाली, "म्हणूनच तर." मग म्हणाली, "पहिले तीन दिवस मी खाल्लं रे. खरंच प्रयत्न केला. पण उरलेला डबा काट्यावर ठेवून तू असा बसला होतास, की चौथ्या दिवशी मी माणिकच्या पाया पडायची बाकी राहिले. तो म्हणत होता, वहिनी, गिऱ्हाइकाचा डबा आम्ही उघडत नाही. मी म्हटलं, मीच उघडून देते."

"आणि गुलाबजाम?"

ती म्हणाली, "तुला माहितीय, एकतीस वर्षं मी पहाटे उठून दोन डबे केले. तुला पनीर चालत नाही, वांगं चालत नाही, नारळ जास्त नको. म्हणून दोन्ही डब्यांत तेच. मग तू माझा डबा हातात घेतलास, आणि त्यातही मला काय हवं ते कोणी विचारलं नाही. कॅन्टीनमधला पोऱ्या फडकं खांद्यावर टाकून येतो आणि विचारतो, मॅडम, क्या लेंगे? नंदू, मला त्या प्रश्नाचीच चटक लागली. डोसा नंतर."

एकतीस वर्षांत तिच्या डब्याबद्दल मी तिला एकच गोष्ट सांगितल्याचं आठवतं, चटणी सांडते म्हणून.

मग ती रडली. म्हणाली, "मला सुया नकोत रे. मला भीती वाटते, आणि भीती वाटली की मी अजून एक वडा मागवते." मी म्हटलं, मलाही वाटते. हे तिला सांगणार नाही असं आधी लिहिलं होतं, पण सांगितलं. बरं वाटलं.

मंगळवार, १५ एप्रिल

माणिक साडेनऊला दारात, हातात जत्रेचा पेढ्यांचा पुडा. शर्मिष्ठाने फोन करून त्याला सगळं कळवलं होतं. आत येईना.

"साहेब, अठ्ठावीस वर्सांत कुणाच्या डब्याला हात लावला न्हाई. भुकेनं जीव गेला तरी न्हाई. वहिनींनी हातात दिला म्हणून."

"मग मला सांगायचंस ना, इतकं वाईट होतं ते!"

"सांगत व्हतो की रोज. मीठ लावून पिळा म्हणलं, हिंग घाला म्हणलं." खरंच आहे. माझ्या वहीत सगळं तारखेनिशी आहे. "आन् वहिनी म्हणल्या, साहेब दिवाळीच्या आदीपास्नं गॅलरीत बसून असायचे, जेवायचे न्हाई, आता कुठं कामाला लागलेत, त्यांचं मन मोडू नगा."

यात तथ्य नाही. गॅलरीत मी टँकर किती वाजता येतो ते बघायला बसत होतो.

मग तो चपला पायात घोळवत तसाच उभा. शेवटी म्हणाला, "गावच्या डॉक्टरनं साखर तपासली. पार खाली आली. म्हणला, काय खाता? आता डबा बंद झाला तर माझं कसं व्हायचं?"

सुहासिनीने आतून हे ऐकलं आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली. मीही हसलो. या घरात तीन महिने साखरेशी झुंज चालली होती आणि ती तिसराच माणूस जिंकला होता.

शनिवार, १९ एप्रिल

डॉक्टरांकडे. आठ पूर्णांक तीन. त्यांनी चष्मा काढला आणि इन्सुलिनच्या चिठ्ठीसाठी पेन उचललं.

सुहासिनी म्हणाली, "डॉक्टर, आधी ऐका. हे डबा पाठवत होते, तो मी खाल्लाच नाही. मी डोसे खाल्ले." तिने एक एक पदार्थ सांगितला, शुक्रवारच्या गुलाबजामापर्यंत. माझ्याकडे न बघता, कबुलीजबाब द्यावा तसा. डॉक्टर म्हणाले, "मग डबा खाल्लाय कोणी?" मी म्हटलं, "डबेवाल्याने. त्याची उतरली." डॉक्टरांनी चष्मा परत घातला आणि पेन खाली ठेवलं. आणखी तीन महिने दिले. शेवटचे, असं बजावून.

रविवार, २० एप्रिल

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहून विचारलं, "उद्या डब्याला काय हवं?"

ती पेपर वाचत होती. तिने पेपर खाली ठेवला. खूप विचार केला. "भरलं वांगं," म्हणाली. "कमी तेलात. दाण्याचं कूट घालून. आणि ज्वारीची भाकरी, पातळ."

मला वांगं चालत नाही. पिशवी घेऊन खाली गेलो आणि पाव किलो काटेरी वांगी आणली. मग कृती समजून घ्यायला ओट्याशी दोघं उभी राहिलो. किती मीठ, विचारलं तर म्हणाली, "अंदाजाने." मी म्हटलं, अंदाज म्हणजे किती ग्रॅम? तिने माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

सोमवार, २१ एप्रिल

साडेनऊला डबा गेला, सकाळी मी एकट्यानेच केलेला. माणिकसाठी एक वेगळा, त्याच्या आग्रहावरून कारल्याचा, पिळून केलेला.

बारा पन्नासला फोन वाजला. सुहासिनी. ऑफिसातून ती दुपारी कधी फोन करत नाही. मला वाटलं काहीतरी झालं.

"नंदू, हे काय केलंयस?" ती म्हणाली. "वांग्याचं देठ तसंच ठेवलंस, ते कळतं मला. पण कूट भाजलंच नाहीस! कच्चं लागतंय. आणि तिखट कुठाय? मी काय आजारी आहे?"

"आहेस," मी म्हटलं.

"एवढी पण नाही. भाकरी एका बाजूने जाड झालीय. उलटताना घाई करतोस तू. आणि लिंबू घालायचं, फोड तरी ठेवायची."

मागून शर्मिष्ठाचा आवाज आला, "मॅम, एक घास मला." सुहासिनी म्हणाली, "अजिबात नाही."

अशी ती सात मिनिटं बोलत होती, एकापाठोपाठ एक चूक काढत. मी एकही लिहून घेतली नाही. फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिलो, कारण प्रत्येक तक्रारीच्या मध्ये ती थांबत होती, आणि थांबली की चावत होती.